भेंडे? म्हणजे आपले भेंडे?

ज्यांना लोकलच्या गर्दीत हा एपिसोड नीट ऐकू आला नाही, किंवा ज्यांचा एक इअरफोन कळवा ते ठाणे या प्रवासात शहीद झाला, त्यांच्यासाठी ही लेखी आवृत्ती. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय. फक्त माझे "अं... अं..." काढून टाकलेत आणि दोन-तीन ठिकाणी वाक्यं सरळ केलीत.

तर, सुरुवात ठाण्यातून. टेंभी नाका, दहीहंडीचा दिवस.

तुमच्यापैकी जे तिथे एकदा तरी उभे राहिलेत त्यांना वर्णन करून सांगायची गरज नाही. स्पीकरची भिंत, पाण्याचे फवारे, एकामागून एक येणारी गोविंदा पथकं, छातीत धडधडणारा बेस. अशात ‘डिस्को डान्सर’मधलं गाणं लागलं, ‘कृष्णा धरती पे आजा तू’. दहीहंडीला हे गाणं कुठे ना कुठे लागतंच. मी ते लहानपणापासून शंभरदा तरी ऐकलं असेल. पण त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं की हा आवाज वेगळा आहे. बाकीची फिल्मी गाणी गळ्याच्या वरच्या मजल्यावरून येतात, हा माणूस पोटातून ओरडतोय. सुरात ओरडतोय. जुन्या रॉक रेकॉर्डवर ऐकू येतं, अगदी तसं.

मी मित्राला म्हटलं, "अरे, हे कोण गातंय? बप्पी लाहिरी नाही हा." त्याने तिथेच फोन काढून शोधलं. स्क्रीनवर नाव आलं : नंदू भेंडे.

मित्र म्हणाला, "भेंडे? म्हणजे आपले भेंडे?"

आजचा सगळा एपिसोड या एका शब्दावर आहे. "आपले". कोण आपलं, कोण आपलं नाही, आणि आवाज आपला की परका हे आपण कशावरून ठरवतो.

एका घरातली तीन टोकं

आधी घर बघू. नंदू भेंडे यांचे वडील आत्माराम भेंडे. आपल्या आई-बाबांना नाही, तर आजी-आजोबांना विचारा. नाव घेतल्याबरोबर ते हसायला लागतील. बबन प्रभू आणि आत्माराम भेंडे या जोडीने मराठी रंगभूमीवर फार्स हा प्रकार रुजवला. ‘झोपी गेलेला जागा झाला’ हे त्यातलं सगळ्यात गाजलेलं नाव. दारं धाडधाड उघडतायत, माणसं लपतायत, गैरसमजावर गैरसमज, आणि प्रेक्षागृह हसून लोटपोट.

आई आशा भेंडे. त्याही रंगभूमीवरच्या अभिनेत्री. पण तेवढंच नाही. त्या लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासक होत्या. तारा कानिटकर यांच्यासोबत त्यांनी लिहिलेलं लोकसंख्याशास्त्राचं पाठ्यपुस्तक विद्यार्थी वर्षानुवर्षं वापरत आलेत. आशाबाईंचं माहेरचं नाव लिली एझिकेल. कवी निस्सिम एझिकेल यांच्या त्या बहीण. निस्सिम म्हणजे आधुनिक भारतीय इंग्रजी कवितेतलं मोठं नाव. शाळेत इंग्रजीच्या पुस्तकात विंचवावरची कविता होती ना? तेच ते.

एझिकेल हे बेने इस्राएली कुटुंब. बेने इस्राएल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. अलिबागच्या पट्ट्यात पिढ्यानपिढ्या तेलाचे घाणे चालवणारे, आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून गावात त्यांना "शनिवार तेली" म्हणायचे.

आता गंमत बघा. टेंभी नाक्यावर जिथे आम्ही दोघं भिजत उभे होतो, तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर, सिव्हिल हॉस्पिटलच्या परिसरात, बेने इस्राएलांचं सिनेगॉग आहे. १८७९ साली बांधलेलं. मी त्याच्यासमोरून कितीतरी वेळा गेलोय आणि कधी मान वर करून बघितलं नव्हतं. म्हणजे बेने इस्राएली आईच्या मुलाने गायलेलं कृष्णाचं गाणं, सिनेगॉगपासून हाकेच्या अंतरावर, दहीहंडीत वाजत होतं. आणि आम्ही विचारत होतो, हा आपला का?

अजून एक गोष्ट. १८८० च्या सुमारास याच बेने इस्राएल समाजात मराठी कीर्तनं सुरू झाली. विषय बायबलमधल्या जुन्या कथांचे, अब्राहम, योसेफ वगैरे. भाषा मराठी, बाज आपल्या कीर्तनाचा. म्हणजे बायबलमधली गोष्ट गाऊन सांगायची, हा प्रकार या मातीत रॉक ऑपेराच्या जवळजवळ १०० वर्षं आधी होऊन गेला होता. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तेव्हाची मुंबई आणि मळवली स्टेशन

आता १९६०-७० च्या मुंबईत या. इंटरनेट नाही, टीव्ही नावापुरता. इंग्रजी गाणी ऐकायची तर रेडिओ सिलोन, नाहीतर परदेशातून कुणी आणलेली रेकॉर्ड. आयातीवर कडक बंधनं, त्यामुळे चांगली इलेक्ट्रिक गिटार मिळणं म्हणजे लॉटरीच. पोरं इथेच जमेल तसा अ‍ॅम्प्लिफायर बनवून घ्यायची. तरीही बँड निघत होते. ‘सॅव्हेजेस’ हा त्यातला गाजलेला. जे. जे. कॉलेजमध्ये आर्किटेक्चर शिकणारा गोव्याचा एक मुलगाही त्यात वाजवून गेला. नाव रेमो फर्नांडिस.

या पोरांना पैसा कोण देत होतं? सिगारेट कंपनी! इम्पिरियल टोबॅकोने आपल्या ‘सिमला’ या सिगारेटच्या जाहिरातीसाठी ‘सिमला बीट’ नावाची अखिल भारतीय बँड स्पर्धा सुरू केली. अंतिम फेरी किंग्ज सर्कलच्या षण्मुखानंद हॉलमध्ये. हो, जिथे एरवी शास्त्रीय संगीताच्या मैफली होतात तोच. १९७० आणि १९७१ च्या स्पर्धांच्या एलपी निघाल्या, आणि आज जगभरचे संग्राहक त्या शोधत फिरतात.

१९७१ मध्ये ‘स्नेह यात्रा’ नावाचा एक खुल्या मैदानातला रॉक महोत्सव झाला. कुठे? मळवलीला. लोहगड-विसापूरला जाताना आपण ज्या स्टेशनवर उतरतो ना, तेच मळवली. पुढच्या वेळी तिथे उतरून वडापाव खाताना आठवा, की अमेरिकेतल्या वुडस्टॉकचं देशी रूप म्हणून ज्याच्याबद्दल बोललं जातं, ते इथे झालं होतं.

नंदू भेंडे या सगळ्या वातावरणातले. ‘वेल्व्हेट फॉग’ आणि पुढे ‘सॅव्हेज एन्काउंटर’ या बँडमधून ते गायले. घरी मराठी नाटक, बाहेर इंग्रजी रॉक. आपल्याला हे दोन वेगळे ग्रह वाटतात. त्यांच्यासाठी तो घरापासून स्टेजपर्यंतचा नेहमीचा रस्ता होता.

दोन मिनिटं ब्लूजसाठी

इथे जरा थांबू, कारण "रॉकचा आवाज" म्हणजे नक्की काय हे कळल्याशिवाय पुढची गोष्ट अर्धीच कळेल.

रॉकचा बाप ब्लूज. ब्लूज जन्मला अमेरिकेच्या दक्षिणेत, कापसाच्या शेतात राबणाऱ्या कृष्णवर्णीय माणसांमध्ये. गुलामगिरी कायद्याने संपली होती, पण जगणं तेच होतं. कामाच्या तालावर एक जण ओळ टाकणार, बाकीचे उचलणार. पोवाड्यात शाहीर ओळ टाकतो आणि झीलकरी उचलतात, हे आठवा. जात्यावर बसून बाई स्वतःचं दुःख स्वतःच्याच लयीत सांगते, तेही आठवा. भूगोल वेगळा, पण गाण्याची गरज तीच.

ब्लूजचा साचा इंजिनिअरला आवडेल असा आहे, कारण तो शुद्ध लूप आहे. १२ बार, प्रत्येक बारमध्ये ४ मात्रा, म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन. आपल्या भाषेत सांगायचं तर सा, म आणि प या तीनच सुरांवर उभे असलेले कॉर्ड. पहिले ४ बार सा, मग २ म, २ सा, मग एक प, एक म, आणि शेवटचे २ परत सा. झालं. समेवर आलात, पुन्हा सुरू. गाण्याची ओळही तशीच. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत टोला हाणायचा.

पण खरी जादू सुरात आहे. ब्लूजचा गायक गंधार लावतो तो ना धड कोमल, ना धड शुद्ध. मधला कुठलातरी, ओढून घेतलेला. पेटीवर तो सूर सापडतच नाही, पट्ट्यांच्या मधल्या फटीत पडतो. पण मींड ऐकलेल्या कानाला तो अजिबात परका नाही. आणि वर आवाजाला मुद्दाम आणलेली खरखर. आपल्याकडे मैफलीत जी खरखर दोष ठरते, तीच तिथे अर्थ होते. आणि आपल्याकडेही तमाशातला, शाहिरीतला गळा काय मखमली असतो का? माइक नसताना शेवटच्या माणसापर्यंत पोचायचं म्हटल्यावर गळा फाडावाच लागतो.

मग "मराठी माणसाच्या गळ्याला रॉक सूट होत नाही" असं आपण कशाच्या जोरावर म्हणतो?

१९७४ : खलनायकाच्या बाजूने

१९७४. मुंबईत अलेक पदमसी यांनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हा रॉक ऑपेरा बसवला. मूळ टिम राइस आणि अँड्र्यू लॉइड वेबर यांचा. १९७० मध्ये आधी तो रेकॉर्ड म्हणून आला, १९७१ मध्ये ब्रॉडवेवर. त्या मूळ रेकॉर्डवर येशूचा आवाज होता ‘डीप पर्पल’च्या इयन गिलनचा, यावरून गाण्याची पट्टी काय असेल याचा अंदाज घ्या.

मुंबईच्या प्रयोगात नंदू भेंडे जुडास झाले.

जुडास म्हणजे येशूला ३० नाण्यांसाठी पकडून देणारा शिष्य. जगभर गद्दाराला शिवी म्हणून वापरलं जाणारं नाव. पण या ऑपेरात जुडास हा सगळ्यात अस्वस्थ माणूस आहे. त्याला दिसतंय की लोक गुरूला देव करायला निघालेत आणि त्यात मूळ काम बुडणार आहे. तो प्रेमाने भांडतो, शंका घेतो, चुकतो, आणि त्या चुकीखाली चिरडला जातो. नाटकाची सुरुवात त्याच्याच गाण्याने होते. आवाजाला सगळ्यात जास्त पिळवटणारी भूमिका तीच. गोड गळ्याचा माणूस इथे पहिल्या पाच मिनिटांत उताणा पडेल. हवा तो ब्लूजवाला गळा, ज्याला चिरकतानाही सुरात राहता येतं. भेंडे यांचं नाव इंग्रजी रंगभूमीवर झालं ते या भूमिकेने.

आणि मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते आठवा. बायबलमधली गोष्ट गाऊन सांगणं त्यांच्या आईच्या समाजाला नवीन नव्हतं. आणि लोकांसमोर गाता गाता अभिनय करणं वडिलांच्या रंगभूमीला तरी कुठे नवीन होतं? अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ १८८० चं. तिथपासून मराठी माणूस तिकीट काढून, नट स्टेजवर प्रत्यक्ष गातोय हे बघत आलाय आणि "वन्स मोर" ओरडत आलाय. ऑपेरा हा शब्द इटलीचा असेल, पण सवय आपली जुनीच.

दोन मुंबई, एकच अमेरिका

आता एक गोष्ट, जी मला हा एपिसोड लिहिताना सगळ्यात जास्त टोचली.

१९७२ हे वर्ष घ्या. त्या ऑक्टोबरमध्ये ‘लेड झेपेलिन’चे रॉबर्ट प्लांट आणि जिमी पेज मुंबईत होते. त्यांनी इथल्या वादकांबरोबर रेकॉर्डिंग केलं आणि कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या छोट्याशा क्लबमध्ये चक्क वाजवलं. लेड झेपेलिन म्हणजे ब्लूजवरच उभा राहिलेला बँड. त्याच वर्षी, त्याच शहरात, नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार या तरुणांनी दलित पँथर उभी केली. नाव कुठून घेतलं? अमेरिकेतल्या ‘ब्लॅक पँथर’वरून. ढसाळांचा ‘गोलपिठा’ही १९७२ चाच.

म्हणजे एकाच शहरातली दोन टोकं, मध्ये अंतर पाच-सहा किलोमीटरचं, आणि दोघंही कृष्णवर्णीय अमेरिकेकडे कान लावून बसलेली. एकाने तिचं गाणं घेतलं, दुसऱ्याने तिचा राग घेतला. गाणं घेणाऱ्यांना तो राग बहुतेक दिसला नाही. राग घेणाऱ्यांपर्यंत ते गाणं बहुतेक पोचलं नाही, कारण ते इंग्रजीत होतं, क्लबच्या तिकिटामागे होतं, दक्षिण मुंबईत होतं.

मराठी रॉक का झालं नाही, याचं माझ्या मते हे सगळ्यात खरं उत्तर आहे. गळा नव्हता असं नाही, दुःख नव्हतं असं तर मुळीच नाही. ज्याच्याकडे गिटार होती आणि ज्याच्याकडे सांगण्यासारखं होतं, ती माणसं एका खोलीत आली नाहीत.

एकदा मात्र ती जवळपास आली.

१९७८ : अंकुश

आकडे बघा. १७२८ मध्ये लंडनमध्ये जॉन गे यांचा ‘द बेगर्स ऑपेरा’ आला. चोर, भिकारी, वेश्या यांची संगीतिका, चाली रस्त्यावरच्या. बरोबर २०० वर्षांनी, १९२८ मध्ये, बर्लिनमध्ये ब्रेख्तने तीच गोष्ट घेऊन ‘द थ्रीपेनी ऑपेरा’ केला. संगीत कुर्ट वाइलचं, त्यावर तेव्हाच्या जॅझचा प्रभाव. त्याचा नायक मॅकी, सूटबूट घालणारा दरोडेखोर. आणि आणखी ५० वर्षांनी, १९७८ मध्ये, पु. ल. देशपांडे यांनी ते मराठीत आणलं : ‘तीन पैशाचा तमाशा’. दिग्दर्शक जब्बार पटेल, संस्था पुण्याची थिएटर अकॅडमी. हो, ‘घाशीराम कोतवाल’वालीच मंडळी, आणि संगीताला ‘घाशीराम’चेच भास्कर चंदावरकर.

मराठी मॅकीचं नाव अंकुश. आणि अंकुश झाले नंदू भेंडे.

हे केवढं धाडस होतं, याचा विचार करा. त्याच स्टेजवर नाट्यसंगीत आहे, लावणी आहे, माधुरी पुरंदरे यांच्यासारखी गायिका-अभिनेत्री आहे. आणि मध्ये हा माणूस उभा राहून मराठीत रॉकच्या आवाजात गातोय. यात चेष्टा नव्हती, विडंबनही नव्हतं. तो आवाजच त्या पात्राची ओळख होती. जुन्या गाण्यांच्या सभ्य जगात न बसणारा, देखणा, धोकादायक माणूस, त्याचा सूर वेगळाच असणार. रॉक इथे परदेशातून आणलेली शोभेची वस्तू उरली नाही, ते गोष्टीचं हाड झालं. समोर मराठी प्रेक्षक, ज्यांच्यातल्या बहुतेकांनी रॉकची एकही रेकॉर्ड ऐकली नसेल. आणि तरी त्यांना हा माणूस कळला.

योगायोग म्हणा, ठाण्याचं गडकरी रंगायतनही १९७८ मध्येच उघडलं. ज्या वर्षी आपल्याकडे मासुंदा तलावाकाठी मराठी नाटकाला हक्काचं घर मिळालं, त्याच वर्षी मराठी नाटकाला रॉकचा आवाजही मिळाला होता. घर टिकलं. आवाजाचं काय झालं ते बघू.

डिस्को आला, बँड गेले

१९८० मध्ये ‘कुर्बानी’ आला, नाझिया हसनचा आवाज आणि बिद्दूचं संगीत घेऊन. देशाला डिस्कोचा ताप चढला. हॉटेलवाल्यांच्या बाजूने हिशोब करा. पाच जणांचा बँड ठेवायचा, त्यांना पगार द्यायचा, ड्रम्सना जागा द्यायची. की एक टर्नटेबल आणि एक माणूस? उत्तर सोपं होतं. ज्या जागांवर बँड जगत होते त्या जागा हळूहळू गेल्या. त्यात बहुतेक बँड दुसऱ्यांचीच गाणी गात, स्वतःचं साहित्य कमी, रेकॉर्ड त्याहून कमी. मागे पुरावा राहणार तरी कसा?

१९८२ च्या शेवटी ‘डिस्को डान्सर’ आला. मिथुन रातोरात स्टार, सिनेमा सोव्हिएत रशियात तुफान हिट. गाणी वेगवेगळ्या गायकांना वाटून दिलेली. सुरेश वाडकर आहेत, उषा मंगेशकर आहेत, उषा उथुप आहेत, विजय बेनेडिक्ट आहेत. आणि कृष्णाचं गाणं नंदू भेंडे यांच्याकडे. चालीचं मूळ ‘टीलमन ब्रदर्स’ या इंडोनेशियन वंशाच्या डच बँडच्या एका गाण्यात असल्याचं सांगतात. त्या गाण्याचं नाव काय माहितीये? ‘जीझस’. म्हणजे आठ वर्षांपूर्वी ज्याने जुडास गायला, त्याच माणसाने येशूच्या चालीवर कृष्णाला बोलावलं. एवढा योगायोग कथेत लिहिला तर संपादक काढून टाकेल.

आणि ज्या डिस्कोने रॉक बँडच्या पोटावर पाय दिला, त्याच डिस्कोच्या सिनेमात या रॉक गायकाचा आवाज सगळ्यात दूर पोचला. दहीहंडीत पोचला, बेंजो पार्टीत पोचला. नाव मात्र पोचलं नाही.

पुढे भेंडे यांनी टीव्ही मालिकांना संगीत दिलं. जे काम मिळालं ते व्यावसायिक माणसासारखं केलं, आणि जुन्या रॉकचे कार्यक्रमही करत राहिले. ११ एप्रिल २०१४ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. पुढच्या वर्षी, ७ फेब्रुवारी २०१५ ला, आत्माराम भेंडे गेले. मुलगा आधी, वडील नंतर.

मग आपण विसरलो का?

मला वाटतं, आपण त्यांना विसरलो नाही. आपण त्यांना नीट कुठे ठेवलंच नव्हतं, म्हणून ते सापडत नाहीत.

कपाट कल्पना करा. एका कप्प्यावर लिहिलंय "मराठी नाटक", तिथे वडील आहेत. दुसऱ्यावर "इंग्रजी कविता", तिथे मामा आहेत. तिसऱ्यावर "भारतीय रॉक", तो दक्षिण मुंबई आणि वांद्र्याच्या मुलांचा. चौथ्यावर "बॉलिवूड", तिथे मिथुन आणि बप्पीदा. नंदू भेंडे चारही कप्प्यांत थोडे थोडे, म्हणून कुठल्याच कप्प्यात पूर्ण नाहीत. डेटाबेस लिहिणाऱ्यांना हे दुखणं ओळखीचं असेल. एक रेकॉर्ड चार टेबलांत तुकड्यांनी पडलेलं असतं, आणि जॉइन कुणी लिहिलेलंच नसतं.

आता एक स्वतःचं सांगतो आणि थांबतो. इंजिनिअरिंगला असताना आमचा एक बँड होता. मी गायचो. एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आम्ही हट्टाने एक मराठी गाणं केलं, स्वतःचं. डोंबिवली स्टेशनच्या पुलावरच्या गर्दीवर होतं, शब्द काही थोर नव्हते. परीक्षक नंतर समजावणीच्या सुरात म्हणाले, "वाजवलंत छान, पण मराठी ही रॉकची भाषा नाही रे. एक तर इंग्रजीत करा, नाहीतर सुगम संगीत करा." आम्ही मान डोलावली. पुढच्या वर्षी इंग्रजी कव्हर्स केली, बक्षीस मिळवलं, आणि त्यानंतर वर्षभरात बँड मोडला. मी ते मराठी गाणं पुन्हा कधी गायलो नाही.

मला तेव्हा १९७८ माहीत असतं, तर मी निदान उलटून विचारलं असतं, "सर, ‘तीन पैशाचा तमाशा’ बघितलाय का?" जिंकलो नसतो कदाचित. पण ते वाक्य खरं मानून घरी आलो नसतो. आपल्याआधी कुणी हे केलंय हे माहीत असणं, याचा उपयोग एवढाच असतो, आणि तो खूप मोठा असतो. दर पिढी स्वतःला पहिलीच समजली, तर दर पिढीला तेच टोमणे नव्याने ऐकावे लागतात.

आज परिस्थिती तितकी वाईट नाही. ‘अभंग रिपोस्ट’सारखा बँड तुकोबांचे शब्द गिटार-ड्रम्सवर घेऊन उभा राहतो आणि पोरं हात वर करून गातात. मराठी रॅप तर चाळीतून, झोपडपट्टीतून, आपल्याच स्टेशनांच्या आसपासून येतंय. १९७२ मध्ये ज्या दोन मुंबई भेटल्या नाहीत, त्या आता कदाचित फोनवर भेटतायत. गिटार आणि सांगण्यासारखं काहीतरी, दोन्ही एकाच खोलीत.

तर या आठवड्याचा गृहपाठ. एक, ते कृष्णाचं गाणं पुन्हा ऐका, पण या वेळी नाचू नका, नुसता गळा ऐका. दोन, घरात कुणी १९७०-८० च्या दशकात पुण्या-मुंबईत नाटकं बघितली असतील, तर त्यांना ‘तीन पैशाचा तमाशा’बद्दल विचारा आणि ते काय सांगतात ते फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. आठवणीच्या कॅसेटला रिवाइंडचं बटण नसतं. आणि तीन, तुमच्याकडे अर्धवट सोडलेलं एखादं मराठी गाणं असेल, तर ते पूर्ण करा.

मी माझं शोधतोय. वही आईने माळ्यावर टाकलीये म्हणे.

आणि हो, मित्राच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. त्या दिवशी टेंभी नाक्यावर मी त्याला "माहीत नाही" म्हटलं होतं. आता माहीत आहे.

हो रे. आपलेच भेंडे.

भेटू पुढच्या एपिसोडला. दारात उभे राहू नका, आत सरका, आणि कान उघडे ठेवा.